आईचा उजवा हात आणि देवीचा हार

ज्या देवीपुढे तुम्ही आयुष्यात कधी हात जोडले नाहीत, तिच्याच सेवेतून तुमची चूक तुम्हाला दिसली, तर ती चारचौघांत कबूल करायची तुमची तयारी आहे का? माझी नव्हती. म्हणून हा अनुभव मी इतके दिवस कुणाला सांगितला नाही. आज लिहिते आहे, कारण ज्यांच्या घरी अशी वेळ आली आहे त्यांना माझा संकोच महाग पडू नये.

आम्ही परतवाड्याचे. माझे वडील अचलपूरच्या एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायचे. छापताना बिघडलेली, शाई फाकलेली पत्रकं ते घरी आणत आणि माझ्या वह्यांना त्यांचीच वेष्टनं चढत. मोर्चा, सभा, कापसाचा भाव, धरणग्रस्त, हुंडाबंदी, बुवाबाजी हे सगळं मी वाचायला शिकले ते त्या वेष्टनांवर. वडील गेले, पण पत्रकांची सवय राहिली. मी मोठी होऊन पत्रकं लिहायला लागले. गावोगाव फिरून वाटायलाही लागले. देव, नवस, अंगात येणं यावर माझी लेखणी विशेष तिखट चाले, आणि तिचा मला अभिमानही होता.

आई फूलवाल्यांच्या घरची. तिचं माहेर शेंदूरजनाघाटकडचं. संत्र्याच्या झाडांमधल्या मोकळ्या पट्ट्यात तिचे वडील झेंडू आणि शेवंती लावत. लग्नानंतर तिनं परतवाड्याच्या बाजारात हार विकायला सुरुवात केली, पुढे तिची विधवा धाकटी बहीण, माझी मावशी, तिच्या जोडीला आली. बाजाराचे हार दोघी दोन्ही हातांनी भराभर ओवत. मात्र रोज संध्याकाळी आमच्या गल्लीच्या टोकाच्या देवीसाठी आई एक हार वेगळा करायची, आणि तो करण्याची तिच्या माहेरची रीत वेगळी होती. देवीच्या फुलाला डावा हात लागू द्यायचा नाही. केळीच्या बुंध्याचा एक तुकडा समोर ठेवायचा, त्यात लांब सुई टोक वर करून उभी खोचायची, डावा हात मांडीवर गप्प ठेवायचा, आणि एकट्या उजव्या हातानं एकेक फूल उचलून वरून सुईत बसवायचं. सुई भरली की मावशी ती उपटून फुलं दोऱ्यावर ओढून घ्यायची. मी हसायचे. म्हणायचे, "डाव्या हातानं तुमच्या देवीचं काय घोडं मारलं?" आई चिडत नसे. "तू तुह्या कागदाले वाहून घेतलं, मी माह्या देवीले," ती म्हणायची. "माही देवी निदान संध्याकाळी घरी तरी येऊ देते."

ते बोंडअळीचं वर्ष होतं. कापसाची बोंडं आतून किडली होती, त्यामुळे घरोघरची लग्नं पुढे ढकलली गेली होती, आणि लग्नं नाहीत म्हटल्यावर झेंडूला कुणी विचारत नव्हतं. मावशीच्या टोपल्या भरल्या तशाच परत येत. मी तेव्हा दर्यापूर-अंजनगावकडच्या गावांत पत्रकं घेऊन फिरत होते. त्या दिवशी योगायोगानं घरी होते. सकाळी आई फुलं निवडत बसली होती. मी चहाचा कप तिच्या पुढे केला, तो तिनं धरला आणि तो तिच्या बोटांमधून सरळ खाली गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. काहीतरी बोलायला गेली, पण आवाज नुसता घोळत राहिला.

गल्लीत बातमी पसरली की अंगावरून वारं गेलं. मावशीनं घाबरून कुणाला तरी निरोप धाडला, आणि मी गाडीची व्यवस्था करेपर्यंत एक इसम पिंजऱ्यात कबुतर घेऊन दारात हजर झाला. कबुतर कापून त्याचं रक्त चोळलं की गेलेलं अंग परत येतं म्हणे. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कबुतरासकट हाकलून दिलं आणि आईला घेऊन थेट अमरावती गाठली. याचा मला पश्चात्ताप नाही, आणि पुढे जे सांगणार आहे त्यामुळे तो होऊही नये. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, पण तेवढा भाग मेला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली.

दोन-तीन आठवड्यांनी आम्ही घरी आलो. पाय हळूहळू वळणावर आला, काठी टेकत ती मोरीपर्यंत जाऊ लागली. हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. बोटं किंचित आत वळायची, बस. वाचेचं म्हणाल तर एकच शब्द शिल्लक होता, "हौ". भूक लागली का? हौ. दुखतंय का? हौ. मी कोण, ओळखलंस का? हौ. कधी हा हौ होकाराचा असे, कधी नकाराचा, कधी नुसत्या रागाचा. आम्ही तिच्या डोळ्यांवरून अंदाज बांधायचो.

आणि आम्ही तिच्यावर प्रेम केलं. आमच्या समजुतीप्रमाणे अगदी जीव ओतून. मी तिला भरवत असे, वेणी घालत असे, तिच्या पोलक्याची बटणं लावत असे. जे तिला डाव्या हातानं जमे ते ती डाव्यानं करी, बाकी सगळं मी आणि मावशी. हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी व्यायाम दाखवले होते, तेही मी करवून घेत होते. म्हणजे तिचा हात धरून मीच वर करायचे आणि मीच खाली ठेवायचे. तेवढा वेळ आई खिडकीबाहेर पाहत राही. तो हात तिचा उरलाच नव्हता. घडीचं लुगडं झटकावं तसा मी तो हलवत होते आणि वहीत लिहीत होते की आज व्यायाम झाला.

दीड महिना असा गेला. एका दुपारी मी सभेहून घरी आले तेव्हा आई खाटेच्या कडेला बसलेली. तिचा डावा, चांगला हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेच्या दांड्याला बांधलेला. समोर पाटावर केळीचा बुंधा, त्यात उभी सुई, शेजारी झेंडूची टोपली. मेलेल्या उजव्या हातानं ती एक फूल टोपलीतून काढायला बघत होती. हात खांद्यापासून फेकल्यासारखा जायचा, फुलांवर पडायचा आणि रिकामा परत यायचा. जमिनीवर फुलांचा सडा झाला होता. तिच्या कपाळावरून घाम गळत होता आणि डोळ्यांतून पाणी. मावशी शेजारी बसून फुलं उचलून परत टोपलीत टाकत होती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तिनंच बांधून घेतला वं," मावशी म्हणाली. "टोपलीकडे बोट दाखवून मांगं लागली, हार करतो म्हणून. डावा हात सारखा मधात घुसते अन् देवीच्या फुलाले लागते. मंग तिनंच ही पट्टी आनून देल्ली मले."

माझ्या अंगाची आग झाली. ज्या बाईचा एकच हात चालतो, तिचा तोच हात देवीच्या सोवळ्यासाठी बांधायचा? मी गाठ सोडली, पट्टी कोपऱ्यात भिरकावली, बुंधा आणि सुई उचलून बाहेर ठेवली. "असा छळ करणारी देवी मला आमच्या घरात नको," मी म्हणाले. मावशी म्हणाली, "तू सभेत बोल जाय असं. हे घर हाये." आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तीन दिवस ती तशीच होती. घास भरवला तर खायची, पण "हौ" सुद्धा म्हणाली नाही.

त्या तीन दिवसांत मी पत्रक लिहिलं. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक होतं. लकवा झालेल्या एका आईचा चांगला हात श्रद्धेनं कसा बांधून ठेवला, त्याची हकिकत. नाव घातलं नव्हतं, तरी आई माझीच होती. कच्चा मजकूर घेऊन मी अमरावतीच्या एस.टी.त बसले. आईची औषधं आणायची होती आणि मजकूर छापायला द्यायचा होता.

शेजारी एक मुलगी येऊन बसली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, डोक्यावरून ओढणी, मांडीवर लॅपटॉपची पिशवी. अकोल्याची होती. अचलपूरला नानीकडे आली होती, आणि अकोल्याची गाडी ऐनवेळी रद्द झाल्यामुळे अमरावतीवरून जायला निघाली होती. मी मजकूर काढून चुका तपासत होते. वाटेतलं आसेगाव मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, माफ करा, मी तुमचा कागद वाचून रायली होती. एक विचारू? यातल्या त्या आईंचा हात तुमी सोडला का?"

मी जरा ताठ्यानं सांगितलं, सोडला, आणि ती माझी आई आहे.

तिनं कागदावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "काहून सोडला, ताई?"

तिचा अभ्यास ह्याच विषयाचा होता. इंजिनिअरिंगनंतर ती संशोधन करत होती. लकवा झाल्यावर मेंदू स्वतःला कसा सावरतो, हे संगणकावर मांडून पाहायचं, त्याचं मॉडेल बनवायचं. तिनं धडधडणाऱ्या एस.टी.त लॅपटॉप उघडला. पडद्यावर ठिपकेच ठिपके, दोन भागांत वाटलेले. एका भागात मध्येच काळा डाग. ती म्हणाली, हा डाग म्हणजे मेलेला भाग. मग तिनं ते चालू केलं. काळ्या डागाभोवतीचे ठिपके जिवंत होते, पण हळूहळू तेही मंद होत गेले, आणि समोरचा निरोगी भाग झगझगीत झाला. "चांगला हात सगळं काम करून रायला ना, म्हणून," ती म्हणाली. "ही बाजू त्या बाजूले दाबते. अन् आजूबाजूचे जे वाचले होते, ते बी काम नाई म्हणून विसरून जाते. त्यायले मारलं कोनी? लकव्यानं नाई मारलं. बसवून ठेवल्यानं."

मग तिनं फक्त एक गोष्ट बदलली. चांगल्या हाताला थांबवलं आणि बिघडलेल्या हाताला प्रयत्न करू दिला. शंभरदा चुकू दिलं. काळा डाग काळाच राहिला. पण त्याच्या कडेचे ठिपके एखाददुसरा करत उजळायला लागले. वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, तरी उजळत गेले. "मेलं ते मेलं, ताई. पन बाजूवाले शिकते. माह्या नानीच्या वावरात पाट फुटला तर पानी भलतीकडून वाट काढते, तसं. पन मोटार चालू पायजे. अन् सुरवातीचे महिने लई मोलाचे असते, तवा जमीन नरम असते."

मी विचारलं, मग आई जे करत होती ते... ती हसली. "देवीचं मले माहीत नाई, ताई. पन तुमच्या आईनं जे केलं, तेच मी दोन वर्सापासून या डब्याले शिकवून रायली, अन् याले अजून नीट येत नाई." मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "पन हे मॉडेल आहे. खऱ्या मेंदूपुढे लेकराच्या चित्रासारखं. माह्या बोलन्यावर जाऊ नका. आधी तुमच्या फिजिओथेरपीवाल्या बाईले विचारा."

अमरावतीच्या स्टँडवर ती अकोल्याच्या गाडीकडे धावली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. नंतर मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही. मी छापखान्यात गेले नाही, हॉस्पिटलात गेले. फिजिओथेरपिस्टबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, असा उपचार खरंच आहे. बोटांत थोडी तरी हालचाल असलेल्या रुग्णाचा चांगला हात दिवसातले काही तास बांधतात आणि बिघडलेल्या हाताकडून काम करून घेतात. पण तोल जाऊ नये म्हणून बसवूनच, थकू द्यायचं नाही, जबरदस्ती तर मुळीच नाही. आधी तपासावं लागेल. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "तुमच्या आईंना हे कुणी सांगितलं?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. त्या दिवशी अकोल्याची गाडी रद्द का झाली, ती मुलगी माझ्याच शेजारी का बसली, याचंही नाही. पूर्वीची मी असते तर योगायोग म्हणून पुढे गेले असते. आता मी त्याला काहीच म्हणत नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून रडत होते, आणि मजकुराचा कागद फाडण्याऐवजी त्याच्या पाठीमागे बाईंनी सांगितलेले नियम लिहीत होते, इतकंच मला ठाऊक आहे.

घरी आले. आई भिंतीकडे तोंड करूनच होती. मी खाटेपाशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आई, माझं चुकलं." आयुष्यात मी पोलिसांपुढे, पुढाऱ्यांपुढे मान खाली घातली नव्हती, पण हे तीन शब्द त्या सगळ्यांपेक्षा जड होते. मग ती वळली, आणि तिनं डावा हात माझ्यापुढे धरला. "हौ," ती म्हणाली. या वेळी तो कुठला हौ होता हे विचारावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला अमरावतीला नेऊन तपासून आणलं. मग पट्टी मी बांधली. खाटेला नाही, बाईंनी सांगितल्याप्रमाणे तिच्याच अंगाशी, सैल, गळ्यातल्या झोळीत.

पुढचे दिवस कुणी मला पुन्हा जगायला सांगितले तर मी घाबरेन. रोज दोन वेळा, ठरल्या वेळेपुरतं ती बसायची. हात जायचा, पडायचा, परत यायचा. फूल बोटांत येऊन निसटायचं. माझं काम एकच होतं, आणि ते जगातलं सगळ्यात अवघड काम होतं: मदत न करणं. मी हात मांडीखाली दाबून बसायचे. मावशी चिडवायची, "हिचे दोन्ही हात बांधा वं, हिलेच खरा लकवा झाला." दोन आठवड्यांनी आईनं सगळी टोपली उपडी केली आणि दोन दिवस काही करायला नकार दिला. तिसऱ्या दिवशी तिनंच झोळीकडे बोट दाखवलं. कधीतरी अंगठा तर्जनीला टेकू लागला. कधीतरी एक फूल सुईपर्यंत पोचलं आणि सुईशेजारी बुंध्यावर जाऊन बसलं. मी बाहेर जाऊन मोरीत तोंड धुतलं.

मग ती संध्याकाळ आली. सुईत सहा फुलं होती, सगळी तिरकी. सातवं तिनं उचललं, सुईच्या टोकावर आणलं, पण हात थरथरायला लागला. फूल आता पडणार असं मला वाटलं. इतक्या दिवसांचा संयम एका क्षणात सुटला आणि मी हात पुढे केला. आईनं मान न वळवता, डोळे सुईवर ठेवून म्हटलं,

"राहू दे."

किती तरी दिवसांनी "हौ"च्या पलीकडचे पहिले शब्द तिच्या तोंडून आले होते. मावशीच्या हातातला दोरा खाली पडला. मी माझा हात मागे घेतला. फूल थोडा वेळ टोकावर डगमगलं आणि मग खाली सरकून सहाव्यावर बसलं.

सात फुलांचा तो हार देवीच्या गळ्याला पुरेना, म्हणून मावशीनं तो पायाशी ठेवला. मी देवळाच्या पायरीवर उभी होते. हात जोडले की नाही हे मला आठवत नाही. मनात एवढंच होतं की मी ज्याला शरणागती म्हणून हिणवत आले, ते मला आज पहिल्यांदा करावं लागलं. माझ्या आईच्या आत काहीतरी स्वतःची वाट शोधत होतं. त्याला ढकलणं माझ्या हाती नव्हतं, भरवणं नव्हतं, लढणंही नव्हतं. जागा मोकळी ठेवून शेजारी बसून राहणं एवढंच होतं. ते जे वाट शोधत होतं त्याला ती मुलगी मेंदू म्हणेल, आई देवी म्हणेल. मी दोघींची ऋणी आहे.

आई पूर्ण बरी झाली नाही. तिची करंगळी अजून आत वळलेली असते, थंडीत हात आखडतो, आणि बोलताना ती शब्दांमागे धावते. बाजाराचे हार मावशीच करते. देवीचा मात्र आई करते. पत्रकं मी अजूनही लिहिते, कबुतरवाल्यांविरुद्ध तर आणखी तिखट. पण छापायला देण्याआधी, ज्या माणसाबद्दल लिहिलं आहे त्याला एकदा विचारून येते.

वाचकहो, माझं एक मागणं आहे. कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर क्षण न दवडता त्याला मोठ्या दवाखान्यात न्या, अंगारा-कबुतराच्या नादी लागू नका. आणि जो त्यातून वाचून आता तुमच्या घरात किंवा तुमच्या गल्लीत खाटेवर पडून आहे, ज्याच्याकडे सगळे फक्त दया घेऊन जातात, त्याच्याकडे उद्या तुम्ही जा. त्याच्या उपचार करणाऱ्यांना विचारून, तो जे आयुष्यभर करत आला त्यातली एखादी वस्तू, सुई असो, वाटाणे असोत, पत्त्यांचा जोड असो, त्याच्या बिघडलेल्या हाताजवळ ठेवा. त्याच्याशेजारी तासभर बसा. ती वस्तू दहादा खाली पडेल. अकराव्यांदाही ती त्यालाच उचलू द्या.